ओळखीचा आवाज

६ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तुझ्या कानांना माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः रचतेस. म्हणून ही बातमी कागदावर देतो. तुझा भाऊ पुन्हा कामाला लागला आहे. रेडिओवरून निवृत्त झाल्यापासून घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो, ऐकायला चार भिंती. शेजारणीने एकदा दार वाजवून विचारलंसुद्धा, काका, कुणाशी भांडताय का?

तर झालं असं. एक तरुण नवरा-बायको आहेत, इंटरनेटवर आरोग्याचं चॅनेल चालवतात. त्या मुलाला माझा आवाज आठवत होता. म्हणाला, "आमचे आजोबा तुमचं बातमीपत्र संपलं की रेडिओ बंद करायचे आणि म्हणायचे, आता खरं काय ते कळलं." असं कुणी म्हटल्यावर माणूस नाही कसा म्हणेल?

त्यांचा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट. कपडे तसेच लटकत ठेवलेत, कारण कपड्यांनी आवाज घुमत नाही. मी आत स्टुलावर बसतो, नाकासमोर कुणाचा तरी जाडजूड कोट, मांडीवर कागद. पडद्यावर मी कुठेच नाही. झाडं, पाणी, डोळे, फुप्फुसं असं काहीबाही सरकत राहतं आणि मागे मी. केस गळणे झालं, गुडघे झाले, सध्या डोळे चालू आहेत. भाऊजींना आवर्जून सांग, त्यांच्या कामाचं आहे.

तुझा,
भोंग्या


२० फेब्रुवारी

भोंग्या,

पत्र पोचलं. सांगायची गरज नव्हती, तुझ्या भाचीने चॅनेलचा पत्ता ह्यांना आधीच लावून दिला होता. दुकानात कानात त्या बोंड्या घालून बसतात, समोर घड्याळ उघडं, आणि तुझं ऐकतात. मला काही ऐकू येत नाही, तेव्हा मी ह्यांचा चेहरा बघते. चेहरा खूश असतो. गिऱ्हाइकाला सांगतात, हा आमचा मेहुणा बोलतोय. गिऱ्हाईक बिचारं घड्याळ न्यायला आलेलं असतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तू वाचतोस ते लिहितं कोण? आणि तुझ्या हातात येण्याआधी ते तपासतं कोण?

उगाच विचारत नाही. आमच्या लॅबमध्ये रक्ताची बाटली आली आणि तिच्यावर कुणाचं, कधी काढलं, कुणी काढलं ही चिठ्ठी नसेल, तर आम्ही ती फेकून द्यायचो. रक्त कितीही स्वच्छ दिसो. नव्या मुलींना वाईट वाटायचं. मग सवय व्हायची.

ह्यांच्या डोळ्यांचं म्हणालास, तर सांगते. डावा काचबिंदूने केव्हाच निम्मा नेला. सगळं काम उजव्यावर चालतं. डॉक्टर म्हणाले, थेंब चुकले नाहीत तर हा टिकेल, चुकले तर गेलेलं परत येत नाही. आतापर्यंत थेंब मी घालत होते. आता बाटली ह्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली आहे. म्हणतात, मी काय कुक्कुलं बाळ आहे? म्हटलं, घाला बाबा तुमचे तुम्ही.

ताई


९ मार्च

ताई,

लॅबमधून तू निवृत्त झालीस, पण लॅब तुझ्यातून झालेली नाही. भाऊ कामाला लागला, तर अभिनंदन राहिलं बाजूला, हिची चौकशी सुरू.

मी रेडिओवर वाचत होतो तेव्हा कधी विचारलं होतंस का, बातमी लिहितं कोण म्हणून? वाचणाऱ्याचं काम वाचायचं. तरीही सांगतो. ही लिहून आलेली पानं अगदी नेटकी असतात. कुठे आरडाओरडा नाही, चमत्कार नाही, "लगेच सगळ्यांना पाठवा" नाही. "संशोधनातून असे दिसून आले आहे" अशी शांत, सभ्य वाक्यं. तू ज्या भंपक निरोपांवरून मला घरच्या ग्रुपवर फाडून खाल्लं होतंस, त्यातलं हे नव्हे.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही, ती माझ्या धंद्यातली आहे. खोटं वाक्य जिभेवर अडतं. आयुष्यभराचा अनुभव आहे माझा. वाक्यात खोट असली की श्वास चुकतो, शब्द मागेपुढे होतात. ही पानं मी एका दमात वाचतो. पुन्हा ध्वनिमुद्रण करावं लागत नाही. मागच्या आठवड्यात तर त्या दोघांनी मला दुपारभर नुसती सुटी सुटी वाक्यं वाचायला बसवलं, कशाचा कशाला संबंध नाही, आवाजाचा दर्जा तपासायला म्हणे. तीही एका दमात. ती मुलगी म्हणाली, काका, तुम्ही यंत्र आहात यंत्र!

भाऊजींना विचार, माझ्या आवाजात त्यांना कुठे खोट ऐकू येते का.

भोंग्या


२ एप्रिल

भोंग्या,

अभिनंदन. मागच्या पत्रात राहिलं होतं.

तू छान वाचतोस, त्यावर माझा वाद नाही. पण तुमच्या बातम्यांच्या खोलीत तो एक वृत्तसंपादक होता ना, ज्याला तुम्ही सगळे कात्री म्हणायचात? तूच सांगायचास, की "असे समजते" लिहिलेलं दिसलं की तो पानावर लाल रेघ मारून विचारायचा, कुणाला समजते? अर्धं पान त्याच्या टेबलाखाली पडायचं. तुझ्या जिभेवर खोटं अडत नव्हतं, कारण कात्री ते तुझ्या जिभेपर्यंत येऊच देत नव्हता. आता त्या कपाटात कोटाशिवाय आणखी कोण बसतं?

उत्तर नको देऊस मला. स्वतःला दे.

ह्यांचं ठीक. दुकानात काम खूप आहे म्हणून डॉक्टरांकडची खेप पुढे ढकलली. थेंबांची बाटली या वेळी चांगली पुरतेय. मी घालत होते तेव्हा निम्मे थेंब गालावर जायचे, हे नेम धरून घालत असणार. शेवटी घड्याळजीचा हात.

ताई


१९ एप्रिल

ताई,

यापुढे माझ्या कामाबद्दल आपण पत्रातून बोलू नये असं मला वाटतं. हवापाण्याबद्दल बोलू.

इथली हवा बरी आहे.

भोंग्या


२८ मे

भोंग्या,

घडलं ते क्रमाने लिहिते.

गेल्या सोमवारी दुकानात ह्यांच्या उजव्या कोपराने घड्याळाच्या चाकांची थाळी खाली पाडली. थाळी नेहमीच्या जागी होती. दुसऱ्या दिवशी दारातून येणारं गिऱ्हाईक ह्यांना दिसलं नाही, ते बोलल्यावर हे दचकले. मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. उजव्या डोळ्यातला दाब खूप वाढलेला निघाला. मग ते यंत्र असतं, त्यात समोर बघत बसायचं आणि बाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी शेजारी उभी होते. दिवे लुकलुकत होते आणि हे बटण दाबत नव्हते. मला वाटलं, विसरलेत. विसरले नव्हते.

बाजूची बरीचशी नजर गेली आहे. मधली आहे. गेलेली परत येणार नाही. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, थेंब चालू आहेत ना? हे म्हणाले, फेब्रुवारीच्या शेवटी बंद केले. का? तर म्हणाले, "भोंग्याने सांगितलं." डॉक्टरांना वाटलं भोंग्या कुणी दुसरा डॉक्टर असेल.

तुझा भाग होता म्हणे. थेंबांनी डोळे आळशी होतात, त्यांना हळूहळू थेंबांवाचून राहायला शिकवावं, पापण्यांना बोटांनी चोळावं. ह्यांनी तसंच केलं, इमानेइतबारे. मला सांगितलं नाही, कारण मी तुझ्या चॅनेलबद्दल नाक मुरडते. बाटली पुरतेय म्हणून मी खूश होते. जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्या तपासल्या आणि घरातली बघितली नाही.

मला तुझा राग आला आहे. तो इथे सरळ लिहून ठेवते, म्हणजे तुला ओळींमधून शोधत बसायला नको. हे मात्र रागावलेले नाहीत. ह्यांना अजूनही वाटतं, आपलंच काहीतरी करायचं चुकलं असेल, मेहुणा चुकीचं सांगणार नाही.

माझं एक काम कर. ते पान तुझ्याकडे असेल. ते हाताने उतरव. वाचू नकोस, उतरव. प्रत्येक वाक्य झालं की थांब आणि पुढे लिही, हे कोण म्हणतं. मग मला पाठव.

ताई


१५ जून

ताई,

उशीर झाला. पहिले चार दिवस मी कागदाला हात लावला नाही.

मग बसलो. पहिलं वाक्य उतरवलं, "जगभरातील नेत्रतज्ज्ञ आता वेगळा विचार करू लागले आहेत." पुढे लिहायचं होतं, कोण म्हणतं. कोण म्हणतं? एकाही तज्ज्ञाचं नाव पानावर नाही. दुसरं वाक्य, "संशोधनातून असे दिसून आले आहे." कुणाच्या, कुठल्या, कधीच्या? पानभर असंच. वाचताना ही वाक्यं तुपासारखी घशाखाली उतरली होती, ताई. लिहिताना एकेक वाक्य हात धरून उभं राहिलं. ती अडत नव्हती, कारण त्यांत अडायला काही नव्हतंच.

मला वाटलं, निदान इंटरनेटवर शोधावं. तीच माहिती आणखी पाच ठिकाणी सापडली. इतकं हायसं वाटलं मला! पाच जण म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच. ते घेऊन कात्रीकडे गेलो. म्हातारा झालाय, पण अजून तसाच खवट. खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "पाच जण म्हणतात की एकाचंच पाच जण म्हणतात?" पाचही पानं शेजारी शेजारी ठेवायला लावली. शब्दाला शब्द सारखी, एका ठिकाणचं तुटकं वाक्यसुद्धा पाचही ठिकाणी तुटलेलं. सगळ्यांत जुनी तारीख असलेलं पान निघालं डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या विकणाऱ्या एका कंपनीचं. बाकी चारांनी तिथून उचललेलं. आणि माझ्या त्या दोघांनीही.

मी म्हटलं, पान दिसायला किती व्यवस्थित आहे बघा. तो म्हणाला, "पानाकडे टक लावून बसलास तर पान तुला हवं तेच दाखवणार. तू बाहेर पड. जो बोलतोय त्याच्याबद्दल बाकीचे काय बोलतात ते बघ." मग आम्ही त्या कंपनीबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते बघितलं. ते इथे लिहीत नाही, कागद खराब होईल. मग नेत्ररुग्णालयाची आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संस्थेची पानं बघितली. तिथे लेखाखाली नावं आहेत, तारखा आहेत, विचारायला पत्ता आहे. सगळे एकच सांगतात, पण आपापल्या शब्दांत. थेंब स्वतःहून बंद करू नयेत.

सगळ्यांत वाईट पुढेच आहे. त्या कंपनीच्या पानावर ज्या संशोधनाचा हवाला होता ते खरंच सापडलं. मोजक्या तरुण, निरोगी माणसांच्या डोळ्यांवर केलेलं. त्यांतल्या एकालाही काचबिंदू नव्हता. आणि शेवटी स्वच्छ लिहिलंय, हे पाहून कोणत्याही रुग्णाने औषध बंद करू नये. तेवढं वाक्य कुणीतरी गाळलं आणि उरलेलं मी एका दमात वाचलं.

त्या दोघांना जाऊन सांगितलं, तो भाग काढा. बघतो म्हणाले. मी काम सोडलं. उतरवलेलं पान सोबत आहे. "कोण म्हणतं" समोरची जागा बहुतेक ठिकाणी रिकामीच आहे.

भाऊजींना काय सांगू, ते मला कळत नाही. मला लाज वाटते.

भोंग्या


४ जुलै

भोंग्या,

तुझं पान आणि पत्र दोन्ही मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बरं." त्या संध्याकाळपासून थेंब माझ्या हातून घालून घ्यायला लागले. राग थोडा उतरला माझा.

आता हे वाच. परवा हे दुकानातून आले ते वेगळ्याच चेहऱ्याने. तुझा नवा भाग ऐकला म्हणे. तू म्हणतोस, ज्यांची नजर थोडी गेली त्यांनी घाबरू नये, ती थेंब बंद केल्याने नव्हे, थेंब उशिरा बंद केल्याने गेली. परवापासून ह्यांनी पुन्हा थेंब घेतलेले नाहीत. बाटली पुढे केली की मान फिरवतात. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, भोंग्याला विचार.

म्हणून विचारते. तू मला लिहिलंस, काम सोडलं. मग हे कोण बोलतंय? मला ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या मुलीला ऐकायला लावलं. ती म्हणाली, रेडिओवाले काकाच आहेत.

मला खोटं लिहिलं असशील तर तसं सांग. थोडं लवकर सांग, उजवा डोळा वाट बघत थांबणार नाही.

ताई


१० जुलै

ताई,

तो भाग मी वाचलेला नाही. कपाटात मी जूनपासून पाऊल ठेवलेलं नाही.

तुझं पत्र आलं तसा तो भाग लावला. मीच बोलत होतो. "डोळे" म्हणताना मी जसा किंचित थांबतो, तसाच थांबत होतो. मात्र मध्ये कुठेही श्वास घेत नव्हतो. संपेपर्यंत ऐकलं. ती सुटी सुटी वाक्यं त्यांनी कशासाठी वाचून घेतली, ते आता कळलं. यंत्राला माझा आवाज शिकवलाय त्यांनी. आता कागद द्यायचा, यंत्र माझ्या आवाजात वाचतं. मी गेलो होतो जाब विचारायला. तो मुलगा शांतपणे म्हणाला, काका, तुम्ही सही केली होती. मी सही केली होती, न वाचता. वाचणं हाच माझा धंदा, आणि ते मात्र वाचलं नाही. कात्रीच्या ओळखीने तक्रार केली आहे, पण तोवर तो भाग चालूच राहणार.

भाऊजींना लगेच फोन केला. तुला सांगितलं नसेल त्यांनी. मी म्हटलं, तो मी नव्हे. ते म्हणाले, "आवाज तर तोच. आता मी कुणाचं खरं मानू, चॅनेलवरच्या तुझं की फोनवरच्या तुझं? चॅनेलवरचा जास्त ठाम बोलतो." यावर मी काय बोलणार? मी जे काही बोलेन ते त्याच आवाजात बोलेन.

म्हणून सोबत त्यांच्या नावाने वेगळं पत्र ठेवलंय. वाचून दाखव. त्यात एवढंच आहे, की माझा आवाज कुठूनही आला तरी त्यावरून काही ठरवू नका, आवाज कोणाचा हे बघूच नका, सांगणाऱ्याला कशावरून कळलं ते विचारा; आणि थेंब घाला. आणि माफी मागितली आहे.

मी यायला हवं होतं, हे मला कळतं. गाडीचं तिकीट काढायला दोनदा गेलो आणि खिडकीपासून परत आलो. त्यांच्यासमोर बसायची हिंमत होत नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्यात त्यांचा डोळा गेला, ताई. रागावले असते तर बरं झालं असतं.

भोंग्या


१९ जुलै

भोंग्या,

अक्षर मोठं आहे, ओळी वरखाली गेल्या आहेत, सांभाळून घे. पत्र लिहायची मला सवय नाही. ते तुम्हा भावंडांचं खूळ.

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. तिला ऐकू येत नाही, मला आता पानावरची ओळ धड सापडत नाही, मग त्यात तिने काय घातलं आणि काय गाळलं हे सांगणार कोण? म्हटलं, हे त्याचंच कशावरून? तर म्हणाली, अक्षर त्याचं आहे. म्हटलं, आवाज उचलता येतो तर अक्षर उचलता येत नसेल? त्यावर तिने माझ्या सांगण्यावरून पत्र पुन्हा तपासलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, घड्याळ बरोबर चालतंय. मी विचारतो, कशाशी लावून बघितलं? तेव्हा समजतं की घरातल्याच दुसऱ्या घड्याळाशी, आणि तेही याच्यावरूनच लावलेलं. जन्मभर लोकांना हे विचारलं आणि तुझ्या बाबतीत विचारलं नाही. घरचा आवाज होता, ताडून बघावंसं वाटलं नाही. त्यात चूक तुझी किती, माझी किती, ते तुम्ही ठरवा.

गेल्या आठवड्यात मी स्वतः डॉक्टरांकडे गेलो. त्यांना विचारलं, तुम्हाला कशावरून कळलं? त्यांनी माझे जुने सगळे कागद काढून एकापुढे एक मांडले आणि दाखवलं, थेंब होते तेव्हा दाब किती, नव्हते तेव्हा किती. चिडले नाहीत. मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडेही गेलो, पहिल्याचं नाव न सांगता. त्यांनीही तेच सांगितलं. तेव्हा थेंब चालू आहेत. तू सांगितलंस म्हणून नव्हे.

आता तुझं. तू खिडकीपासून परत जातोस असं ताईने वाचलं. मी रागावलेलो नाही असं तिने तुला लिहिलं होतं, ते जुनं झालं. आता रागावलोय. राग आला की माझं जेवण जात नाही, तेव्हा ये आणि तो काय तो एकदाचा निस्तर.

पत्र तू लिहिलंस हे मी मानत नाही, फोनवर तू होतास हेही मानत नाही. तू आहेस का, हे बघायला तूच पाहिजेस. आलास की तुझ्या सवयीने दाराशी कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकू नकोस. सरळ माझ्यासमोर बस. बाजूचं मला आता दिसत नाही.

तुझ्या ताईचा नवरा